आऊटरावांचं बोट

माझ्या आत्याचं लग्न कॅमेऱ्याशी झालं आणि त्यावर आतोबा फुकट मिळाले, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणतात म्हणजे आतोबा स्वतःच म्हणतात. म्हणून झालं की समोर स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा खाली" असं सांगतात आणि पासपोर्टचा फोटो काढून मोकळे होतात. त्यांचा स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावर आहे. पुढे काचेचं शोकेस, आत एक पांढरा पडदा, एक निळा पडदा, आणि खिळ्याला अडकवलेला एक काळा कोट, जो गावातल्या निम्म्या पुरुषांनी फोटोपुरता अंगात घातलेला आहे. आतोबा स्थिर बसलेल्या माणसांचे फोटो काढतात. आत्या हलणाऱ्या माणसांचे काढते. तेही एकाच जागी, बॅडमिंटन हॉलमध्ये. आणि खरं सांगायचं तर एकाच माणसापायी.

तो माणूस म्हणजे आऊटराव.

हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते हॉलच्या कमिटीचे सचिव, आणि तोंडावर त्यांना सगळे साहेबच म्हणतात. पाठ फिरली की आऊटराव. आमच्या हॉलमध्ये रेषेवर बसणारे पंच नसतात. शटल ज्याच्या बाजूला पडलं, त्यानेच आत की बाहेर ते सांगायचं आणि समोरच्याने मुकाट ऐकायचं, अशी पूर्वापार रीत आहे. सभ्य माणसांचा खेळ म्हणतात तो असा. पण दहा सभ्य माणसांत एक बेरकी शिरला की त्याची कशी चंगळ होते, ते आमच्याकडे येऊन बघावं. शटल अजून हवेत असायचं, उतरावं की नको अशा विचारात असायचं, तोवर साहेबांच्या डाव्या हाताचं बोट वर. "आऊट!" आवाज असा खणखणीत, की पडणाऱ्या शटललाच वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? हॉलची किल्ली साहेबांच्या खिशात, कोर्टाची वेळ साहेबांच्या मर्जीवर. त्यामुळे लोक हरायचे, घाम पुसायचे, "छान खेळलात साहेब" म्हणायचे आणि घरी जाऊन बायकोवर चिडायचे.

आत्या चिडली ती मात्र थेट त्यांच्यावर, आणि तिथेच, कोर्टावर. तेव्हा ती विशीत होती. मिक्स्ड डबल्सचा सामना, जिंकणाऱ्या जोडीला विभागाच्या संघात जागा. एका बाजूला आत्या आणि तिचा जोडीदार, पलीकडे तरुण आऊटराव आणि त्यांची जोडीदारीण. सामना शेवटच्या गुणावर आला. आत्याने उंच मारलेलं शटल मागच्या रेषेच्या आत पडलं. आत्याने पाहिलं. तिच्या जोडीदाराने पाहिलं, फक्त तो नंतर म्हणाला की आपलं लक्ष नव्हतं. बोट वर गेलं होतं. आत्या जाळीखालून पलीकडे गेली, जमिनीवर हात ठेवून म्हणाली, "इथं पडलंय. हे बघा, इथं." आऊटरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. प्रेक्षकांकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताई, रडू नका हो. खेळ आहे!"

सगळा हॉल हसला. तेव्हापासून आत्याचं नाव रडकी. आजोबांच्या कानावर गोष्ट गेली. "चारचौघांत हमरीतुमरीवर येतेस? ठेव ती रॅकेट," ते म्हणाले. तिने ठेवली. आऊटराव विभागाकडून खेळले, त्या जोरावर नोकरीला लागले आणि पुढे सचिव झाले. आत्याच्या वाट्याला टोपणनाव आलं.

"मला त्याच्याकडून दुसरं काही नको," आत्या मला नेहमी सांगायची. "एक शब्द पाहिजे. त्याने माझ्या तोंडावर म्हणायचं, आत."

"एवढ्यासाठी एवढं?"

"तुझं कुणी काही चोरलं नाहीये अजून. चोरीला जाण्यासारखं आधी काहीतरी कमव, मग बोल."

लग्न झाल्यावर तिने आतोबांचा कॅमेरा उचलला आणि हॉल गाठला. आजोबांनी रॅकेट ठेव म्हटलं होतं, कॅमेऱ्याचं कुठे कोण बोललं होतं? पहिल्याच दिवशी तिने फ्लॅश उडवला. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: आत फ्लॅश मारण्यास सक्त मनाई. खेळाडूंचे डोळे दिपतात, हे खरंच आहे, सगळीकडे तोच नियम असतो. पण आमच्या हॉलमध्ये तो आत्याच्या मुहूर्तावर निघाला. आऊटरावांना वाटलं, पीडा गेली. आमच्या हॉलमधला उजेड म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेतला उजेड. फ्लॅशशिवाय तिथे फोटो काढणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं.

आत्या चाळणी घेऊन बसली.

सुरुवातीचे तिचे फोटो मी पाहिले आहेत. काही नुसते काळे. काहींत कोर्ट छान, जाळी छान, आणि खेळाडूंच्या जागी पिशाच्चं, कारण शटर सावकाश ठेवलं की उजेड पुरतो पण माणूस पुसतो. शटर जलद केलं की माणूस थांबतो पण फोटो काळाठिक्कर. मग कॅमेऱ्याचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, सताड उघडावं, तर नाक स्पष्ट आणि कान धुकट. मग आयएसओ वाढवावा, म्हणजे आहे त्याच उजेडाला कॅमेरा ओरडून मोठं करतो, तर सगळ्या फोटोभर वाळू सांडल्यासारखे दाणे.

"एका पांघरुणात तिघं निजलेत असं समज," आत्या म्हणायची. "शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. एकाने आपल्याकडे ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे. शहाणपण एवढंच, की आज कुणाचे पाय उघडे पडले तर चालतील, ते आधी ठरवायचं."

वर आमच्या हॉलचे दिवे एका आईची लेकरं नव्हेत. एका बाजूला नवे पांढरे, दुसऱ्या बाजूला जुने पिवळे. पिवळ्या बाजूचा खेळाडू फोटोत कावीळ झाल्यासारखा दिसतो. आऊटराव सचिव असल्यामुळे नाणेफेक कशीही पडो, सुरुवात पांढऱ्या बाजूनेच करतात. आत्याने हेही मनात टिपून ठेवलं होतं. शिवाय दिवे मिणमिणतात. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सलग फोटो घेतले तर एक उजळ, एक मळका. पुढे नव्या कॅमेऱ्यात यावर तोड आली. एक बटण दाबलं की कॅमेरा दिवा उजळायची वाट बघतो आणि मगच फोटो घेतो.

वर्षं गेली. आत्या हॉलमधल्या सगळ्यांचे फोटो काढू लागली. लोक ते घरात लावू लागले, रडकी हे नाव हळूहळू मागे पडलं, निदान तिच्या देखत. आऊटराव तिला "ताई" म्हणायचे, ती त्यांना "साहेब" म्हणायची. इतक्या गोड आवाजात, की मला दात आंबल्यासारखं व्हायचं.

आणि मग साहेब साठीला आले. कमिटीने ठरवलं, म्हणजे साहेबांनी ठरवलं आणि कमिटीने मान डोलावली, की हॉलच्या दारासमोरच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लावायचा. खेळतानाचा. त्यासाठी सत्काराच्या दिवशी एक प्रदर्शनी सामना ठेवायचा. साहेब स्वतः स्टुडिओत आले. पायात हिरव्या लेसचे, पोपटाच्या पिसाऱ्यासारखे चमकणारे बूट. जावयाने पाठवलेले. गावात दुसरा जोड नाही.

"ताई, हे काम तुमचंच," साहेब म्हणाले. "स्मॅशचा एक असा फोटो पाहिजे, की बघणाऱ्याने मागे सरकलं पाहिजे."

"सरकेल साहेब," आत्या म्हणाली.

"सेटिंग वगैरे नीट ठेवा हं. मागे एकाने माझा अगदी वेडाविद्रा काढला होता."

"सेटिंगची काळजी तुम्ही करू नका. बरीच वर्षं करतेय ते."

साहेब गेल्यावर आतोबा म्हणाले, "आली बघा म्हैस आपल्या पायाने गोठ्यात."

"म्हशीला कशाला नावं ठेवता?" आत्या म्हणाली.

प्रदर्शनी सामन्यासाठी समोर मी. माझी निवड खेळामुळे झाली असा कुणाचा गैरसमज नको. साहेबांशी सभ्यपणे हरेल असा तरुण हवा होता, आणि त्या कामात माझा अनुभव दांडगा. आत्याला कळलं तेव्हा ती इतकी खूश झाली, की मला वाटलं, घरात पहिल्यांदा कुणाला तरी माझा अभिमान वाटतोय. तसं काही नव्हतं. तिने मला रिकाम्या हॉलमध्ये नेलं, पांढऱ्या बाजूच्या मागच्या रेषेच्या आत वीतभर अंतरावर आतोबांचा रुमाल पसरला आणि म्हणाली, "उंच मारायचं. ह्याच्यावर पडलं पाहिजे."

"साहेब परतवतील की."

"नाही परतवणार. पाय चालत नाहीत आता त्याचे. आणि त्याचा नियम साधा आहे. जे गाठता येत नाही, ते बाहेर."

खांदा निखळेपर्यंत मी त्या रुमालावर शटल टाकत बसलो. आतोबांना आठवडाभर नाक पुसायला बाही वापरावी लागली.

सामन्याच्या सकाळी आत्या स्टुडिओतल्या टेबलावर कॅमेरा घेऊन बसली होती. मी डोकावलो आणि माझ्यातला शहाणा जागा झाला.

"आत्या, शटर पाचशेवर कशाला? निदान हजार ठेव. साहेबांचा स्मॅश धुरकट येईल."

"येऊ दे."

"अगं, स्मॅशच तर पाहिजे त्यांना!"

"त्याला काय पाहिजे ते मला विचारू नकोस. मला काय पाहिजे ते विचार." तिने लेन्सवर फुंकर मारली. "शटल खाली येतं कसं? निघताना गोळीसारखं, उतरताना नव्या नवरीसारखं. त्याला पाचशे पुष्कळ. आणि खोटं बोलणारा माणूस त्या क्षणी अगदी स्थिर उभा असतो, बोट वर करून. पुतळा हलतो का कधी? शटरकडून जेवढं वाचवलं, ते मी अ‍ॅपर्चरला देणार. फाइव्ह पॉइंट सिक्स."

"एवढं बंद? उजेड कुठून आणशील?"

"भोक उघडं ठेवलं तर एक तर त्याचा चेहरा स्पष्ट येईल, नाही तर जमिनीवरचं शटल. मला दोन्ही पाहिजेत. एकाच फोटोत, एकाच वेळी. तोंड आणि पुरावा."

"मग आयएसओ आभाळाला टेकवावा लागेल. वाळू दिसेल फोटोत."

"दिसू दे. घर नाही बांधायचं मला त्यात."

दिव्यांची वाट बघणारं ते बटण तिने बंद केलं. वाट बघण्यात क्षण गेला तर काय उपयोग, म्हणाली. त्यापेक्षा धडाधड घ्यावेत, त्यातला एखादा तरी उजळ निघेल. फोकस चेहऱ्यावर न ठेवता तिने हाताने शटल आणि माणूस यांच्या मधोमध बांधून टाकला. मग कॅमेरा पिशवीत ठेवताना जणू स्वतःशीच बोलली, "आणि स्मॅश धुरकट आले तर बरंच आहे." मला तेव्हा ते कळलं नाही. बायका सूड घेताना किती पुढचं बघतात हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

हॉल भरला होता. भाषणं झाली. त्यांत साहेबांच्या खिलाडूवृत्तीचा उल्लेख आला तेव्हा मागच्या रांगेत दोघांना एकदम खोकला आला. खेळ सुरू झाला. आत्या आधी जाळीच्या खांबाशी बसून फोटो घेत होती. साहेबांनी उड्या मारल्या, स्मॅश मारले. त्यांतले काही माझ्यापर्यंत पोचले. मी ठरल्याप्रमाणे हरत होतो. आत्या आता साहेबांच्या मागच्या रेषेपलीकडे जमिनीवर पालथी पडली होती, हनुवटी फरशीला टेकलेली, कॅमेरा डोळ्याला.

मग एक संधी आली. साहेब जाळीजवळ रेंगाळले होते. मी मनात रुमाल पसरला आणि शटल उंच उचललं. ते वर गेलं, दिव्यांजवळ क्षणभर घुटमळलं, आणि सरळ खाली यायला लागलं. साहेब मागे वळले. दोन पावलं टाकली, गुडघ्याने नकार दिला, ते थांबले. शटलकडे तोंड, पाठ माझ्याकडे. म्हणजे त्यांचं तोंड थेट आत्याकडे. बोट वर.

"आऊट!"

आत्याचा कॅमेरा शिवणयंत्रासारखा चालला. शटल मी माझ्या डोळ्यांनी आत पडताना पाहिलं. "छान कॉल साहेब," मी म्हणालो, कारण कुठल्याही कामात मी जीव ओततो.

दोन दिवसांनी साहेब फोटो निवडायला आले. आतोबांनी त्यांना गिऱ्हाइकाचं स्टूल दिलं, आत्याने स्क्रीनवर फोटो एकेक करून दाखवायला घेतले. पहिल्या स्मॅशमध्ये हाताच्या जागी धुराचा लोट होता आणि तोंड असं, की जांभई देताना विंचू चावलाय.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"आपणच साहेब," आतोबा आदराने म्हणाले.

दुसऱ्यात रॅकेटची केरसुणी झाली होती. तिसऱ्यात डोळे मिटलेले, जीभ बाहेर. पुढचे सगळे त्याच घराण्यातले. साहेबांचा चेहरा उतरत चालला. आणि मग आला तो. स्वच्छ, उजळ, काठोकाठ स्पष्ट. साहेब ताठ उभे, छाती पुढे, मान वळलेली, बोट वर, नजरेत अशी जरब की फौज पुढे चाललीये. मला त्या क्षणी पाचशेच्या शटरचं मर्म उमगलं आणि मी आत्याकडे बघायचं टाळलं.

"हा!" साहेब पुढे झुकले. "हा बघा. ह्याला म्हणतात फोटो. ह्यात नेतृत्व दिसतंय."

"साहेब, नीट बघा हं," आत्या म्हणाली. "मोठा करून भिंतीवर लागणार आहे. वरपासून खालपर्यंत बघा."

"बघितला."

"खाली पण बघा. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

"ताई, मला डोळे आहेत." साहेबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, ते स्वतःच्याच गालावर. "ही सुरकुती तेवढी काढता येईल?"

"काढते की," आत्या म्हणाली.

फोटो लागला. माणसाएवढा, दारासमोर, काळ्या चौकटीत. टाळ्या झाल्या. काही दिवस लोक येता-जाता वरचं बोट आणि चेहरा बघायचे, कारण माणूस माणसाचं तोंड आधी बघतो. मग एका सकाळी आमच्याकडे खेळणारी दातांची डॉक्टरीण पाणी पीत फोटोसमोर उभी राहिली. तिची नजर कामाच्या सवयीने बारीकसारीक शोधणारी. ती खाली वाकली, बाटलीचं झाकण तसंच हातात.

"अहो," ती म्हणाली, "हे आत आहे."

सगळे गोळा झाले. फोटोच्या तळाशी पांढरी रेष होती. रेषेच्या आत, चांगलं वीतभर, शटल. त्याचं बूच जमिनीला टेकलेलं, आणि बुचाखाली त्याची स्वतःची सावली, बुचाला चिकटलेली. हवेत असतं तर सावली लांब राहिली असती. टेकल्याशिवाय वस्तू आणि सावली एकमेकांना शिवत नाहीत. आणि त्याच फोटोत, त्याच क्षणी, वर साहेबांचं बोट.

कुणी हसलं नाही. त्यातच सगळं आलं. लोकांनी फक्त एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुणी संशयास्पद बोट वर केलं, की समोरचा विचारायचा, "खरं आऊट की फोटोतलं?" सगळ्या हॉलला कळलं, हॉलबाहेर कळलं. साहेबांना सगळ्यात शेवटी कळलं, कारण ते रोज फोटोसमोर थांबायचे खरे, पण बघायचे गालाकडे. सुरकुती छान निघाली होती.

एकदा खेळता खेळता त्यांनी सवयीने बोट वर केलं. समोर बँकेतला कॅशियर होता, गरीब स्वभावाचा, साहेबांशी खेळून खेळून आणखी गरीब झालेला. त्याने रॅकेट उचलून फक्त भिंतीकडे दाखवली. साहेब वळले. चालत फोटोपाशी गेले. खिशातून चष्मा काढला. आणि पहिल्यांदाच खाली बघितलं.

त्याच संध्याकाळी ते स्टुडिओत आले. आतोबा कोट घातलेल्या कुणाला तरी निळ्या पडद्यासमोर बसवत होते. मी काउंटरला टेकून उभा होतो, मला आयुष्यात इतकं वेळेवर कुठेच पोचता आलेलं नाही.

"ताई, तो फोटो," साहेब म्हणाले. "जरा खालून कापून पाहिजे."

"का हो?"

"काही नाही, खाली जरा जागा जास्त वाटते."

"जागा तर मोजून ठेवलीये मी. काय खटकतंय नेमकं?"

"तसं खटकत नाही... ते शटल."

"शटलचं काय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"ते जरा... आत दिसतंय."

"दिसतंय, की आहे?"

आतोबांच्या गिऱ्हाइकाने हनुवटी वर केली होती, पण आतोबाही त्याला काही सांगायचं विसरले होते.

"आहे," साहेब म्हणाले. "आत आहे. झालं?"

आत्याने हे ऐकण्यासाठी अर्धं आयुष्य जमिनीवर पालथं पडून घालवलं होतं. मला वाटलं, ती आता हसेल, निदान खाली बसेल. तिने काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"आणि माझं?"

"तुमचं कुठलं?"

"मिक्स्ड डबल्स. शेवटचा गुण. मागची रेष. मी जमिनीवर हात ठेवून दाखवलं. तुम्ही म्हणालात, ताई, रडू नका."

साहेबांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि त्यात नाटक नव्हतं. तेच वाईट होतं. त्यांनी आत्याकडे जरा कुतूहलाने पाहिलं.

"तुम्ही खेळायचात?"

आत्याने काउंटरवरचे हात काढून घेतले. मी तिला रागावलेलं पाहिलं होतं, टोमणे मारताना पाहिलं होतं. असं रिकामं झालेलं नव्हतं पाहिलं. चोरलेला माल माणसाने जपून तरी ठेवावा. ह्याने चोरला आणि दोन पावलांवर टाकून दिला, कारण असले ह्याच्याकडे ढीगभर होते.

"कापून देते," शेवटी आत्या म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

"मेहेरबानी झाली ताई."

"मेहेरबानी कसली. पट्टी धरायची, पातं ओढायचं."

आणि तिने शब्द पाळला. हॉलमधला फोटो उतरवून आणला, खालचा भाग सरळ रेषेत कापला, चौकट छोटी करून घेतली, परत नेऊन टांगला. आता त्यात साहेब गुडघ्यापर्यंत आहेत. बोट वर, नजरेत जरब, गाल तुळतुळीत. कुठेही शटल नाही. साहेबांनी येऊन बघितलं, वरपासून खालपर्यंत, दोनदा, आणि समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो, तर शोकेसमधली जुनी नवरा-नवरीची जोडी हलवलेली होती. त्यांच्या जागी एक लांबट, आडवी चौकट. तिच्यात एक पांढरी रेष, रेषेच्या आत सावलीला टेकलेलं शटल, आणि त्यामागे हिरव्या लेसचे दोन चमकदार बूट. गावात दुसरा जोड नाही.

"हे गं काय?"

"उरलेला तुकडा," आत्या म्हणाली. "गिऱ्हाइकाने कापून मागितला होता. नको असलेलं तो आपल्याकडेच ठेवून गेला. टाकायचं कशाला?"

"खाली काही लिहू का?" आतोबांनी विचारलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

"नको. ज्याला वाचता येतं त्याला येतं."

बाजाराचा रस्ता हॉलकडे जातो आणि दुसरा रस्ता नाही. साहेबांनी एकदा आत येऊन आत्याला विचारलं, हे कधी उतरवणार. आत्या काच पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "तुम्हाला माझा सामना आठवला की सांगा. कोण समोर होतं, कुठे पडलं, काय म्हणालात. त्याच दिवशी उतरवते."

"आणि नाहीच आठवला तर?"

"साहेब, मला घाई नाही. रंग पक्का आहे."

त्यांनी बूट बदलले. त्याने काही झालं नाही, उलट लोक जुन्या बुटांची चौकशी करू लागले. हॉलमध्ये आता त्यांच्या बाजूला शटल पडलं की सगळे गप्प राहून वाट बघतात, आणि साहेब आधी खाली बघतात, मग हळूच म्हणतात, "आत." दिवसातून कितीतरी वेळा म्हणतात. आत्याला कुणी ते सांगितलं की ती म्हणते, "ते सगळ्यांचं झालं. माझं राहिलंय."

रोज सकाळी ती शोकेसची काच पुसते, आतला दिवा लावते. पांढरा, न मिणमिणणारा, मुद्दाम आणलेला. मग साहेब हॉलकडे जाताना दिसतात. पलीकडच्या कडेने चालतात, पण नजर एकदा काचेकडे वळतेच, आणि चेहऱ्यावर तीच आठी, परीक्षेत प्रश्न न सुटणाऱ्या पोरासारखी. आठवत असतात. आत्या आतून बघत उभी राहते. मग साहेब मान खाली घालून पुढे निघतात, आणि आतोबा, समोरच्या स्टुलावर कुणी नसताना, काचेतून त्यांच्याकडे बघत हळूच म्हणतात,

"हनुवटी जरा खाली. हां, अश्शी."